मक्यातल्या चार ओळी

शंकर नगर, रायपूर
श्रावण शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप गोदावरीताईच्या चरणी शालिग्रामचे साष्टांग दंडवत (प्रत्यक्ष घातल्यास कंबर पुन्हा उठू देत नाही, म्हणून कागदावरचेच मान्य करून घ्यावे).

तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही उभयता ईशकृपेने क्षेम आहोत. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या इतक्या वाढल्या आहेत, की देवाला फुले आणायला निघालो तरी आधी कोणा साहेबाला वाट द्यावी लागते. तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला. "तिकडं येऊन मी खुर्चीवर बसून काय करू? बसून खानं मले जमत नाही," हे वाक्य मी तीनदा वाचले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आर्वीत एकटीने राहणाऱ्या बहिणीला याचे काय उत्तर द्यावे, ते मला सुचत नाही. म्हणून तूर्त शेतीविषयी लिहितो.

अभनपूरच्या आपल्या दीड एकरात यंदा मका आहे. पेरणी झाली त्याच दिवशी परागने (आमचे चिरंजीव मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात) उघड्या मातीवर तणनाशक फवारले. तण कुठे दिसत नसताना हे कोणावर, असे मी विचारले. त्यावर त्याने जे समजावले, त्याने मी थक्क झालो. औषध मातीच्या वरच्या बोटभर थरात बसते आणि पावसाची ओल लागली की जागे होते. गवताचा कोवळा कोंब त्या थरातून वर येताना ते शोषतो आणि सूर्यदर्शनापूर्वीच आटोपतो. मक्याच्या अंगातही ते जाते, पण त्याचा देह ते पचवतो. मात्र एकदा वर आलेल्या गवताचे हे औषध काही बिघडवू शकत नाही. ताई, हा तर शुद्ध वेदान्त! मातीतले बी हे संचित, ते उगवण्याआधी जाळता येते; उगवलेले गवत हे प्रारब्ध, ते भोगूनच संपवायचे. हे मी परागला सविस्तर सांगितले. तो एवढेच म्हणाला, "बाबा, बस उस मिट्टी को छेड़ना मत." थर मोडला की गवताला वाट मिळते. थोडक्यात, सारे वावर सोवळ्यात होते.

आणि ते सोवळे मीच मोडले. दोन पानांवर आलेला मका पाहायला एकटाच गेलो होतो. मधली माती अशी तुळतुळीत, की जीव रमेना. लहानपणीचे आपल्या वावरातले निंदण आठवले. माझी ओळ नेहमी मागे पडायची. तू आपली संपवून पलीकडून माझ्या ओळीत शिरायचीस, आणि बांधावर जप करणाऱ्या बाबांना (जपातही त्यांचा एक डोळा उघडा असे) वाटायचे, दोघे बरोबरच आटोपले. कसे कोण जाणे, मी राखणदार भैय्यालालचा (तोही मूळचा आपल्याच मुलखातला) विळा घेऊन बसलो आणि माती खरवडू लागलो. ओळीच्या मध्यावर सवयीने समोर पाहिले. तिथे भैय्यालाल उभा.

"काकाजी, गवतच नाही तं काय निंदून राहिले?" त्याने विचारले.

मी मान खाली घातली आणि ओळ पुरी केली.

त्याला तीन आठवडे झाले. आज सारे वावर स्वच्छ आहे. फक्त चार ओळींत साव्याचे गवत असे माजले आहे, की मका शोधावा लागतो. पराग त्यावर दुसरे औषध मारायला निघाला होता; मी संमती दिली नाही. तुझी भावजय शांता कारण विचारते. मी प्रारब्धाकडे बोट दाखवतो आणि ती कपाळाला हात लावते.

वडील बहिणीस अधिक काय लिहावे?

तुझा धाकटा,
शालिग्राम

ता. क. : चार ओळी हाताने निंदायला जाणते माणूस हवे. अभनपुरात बाया मिळतात, पण मी अजून कोणाला सांगितलेले नाही. येत्या सोमवारी पराग गाडी घेऊन आर्वीस येत आहे.

पुन्हा ता. क. : देवाधर्माचे माणूस, म्हणून खोटे ठेववत नाही. त्या दिवशी माझ्या हातून खरवडल्या गेल्या त्या ओळी दोनच. उरलेल्या दोन मी तुझे पत्र आल्यावर मुद्दाम जाऊन खरवडल्या. दोनच ओळींसाठी तू आली नसतीस.