ट्रॉम्सोसाठी टायर

१४ ऑक्टोबर
आमच्या लेकीला, इम्केला, नाताळच्या सुमारास मूल होणार, तिकडे नॉर्वेत, ट्रॉम्सोला. पहिलं नातवंड! बायको, ओर्ट्रून, म्हणाली, विमानाने जाऊ. छे! दारात मोटरहोम, चाकांवरचं आख्खं घर, उभी असताना आजोबा विमानाने जाणार? बाळंतपणाआधी गाडीने नॉर्वेचं टोक गाठायचं. तिला शब्द दिला. हिवाळी टायर तेवढे घ्यायचे. रविवारपर्यंत उरकतो.

१९ ऑक्टोबर
उरकलं नाही. असल्या बाबतीत घाई म्हणजे मूर्खपणा. शेजारच्या एगर्टला सहज विचारलं, तर म्हणे, मोटरहोमचे टायर घे, त्यावर बर्फाचं चिन्ह बघ, संपलं! हा दर हिवाळ्यात नॉर्वेला जाऊन येतो तो निव्वळ नशिबाने.

४ नोव्हेंबर
खिळ्यांच्या टायरचा विचार. आपल्या जर्मनीत बंदी, म्हणजे स्वीडनला उतरून बसवायचे. मग इथले काढून ठेवायचे कुठे? गाडीतल्या पलंगावर! ओर्ट्रून म्हणाली, आणि मी झोपू कुठे, छपरावर? विचार रद्द. सगळ्या गल्लीचे टायर बदलून झाले. मेंढरं!

१६ नोव्हेंबर
निर्णय झाला. काळी, रुंद, मिश्रधातूची चाकं आणि त्यांवर तसेच रुंद टायर. गाडी काय दिसेल! ओर्ट्रून म्हणाली, मूल तुझ्या चाकांसाठी थांबणार नाही हं. टोमणे मारण्यापेक्षा बाईने लोकरीचे मोजे भरावेत.

२९ नोव्हेंबर
दगा! टायरवाला टामेन आज म्हणतो, या चाकांवर बर्फाच्या साखळ्या बसणारच नाहीत, आत घासतील. आणि एवढ्या जड गाडीला नॉर्वेत साखळ्या लागतातच. आधी का नाही बोललास? म्हणे, बोललो होतो, तुम्ही रंग निवडत होता. केसाने गळा कापला. आता अरुंद टायर, लोखंडी चाकं, पुन्हा मागणी. गाडी त्याच्याच दारात अडकली.

१० डिसेंबर
ओर्ट्रूनकडे विमानाची तिकिटं आहेत. दोन. कधी काढली? चौदा ऑक्टोबरला! मी शब्द दिला त्याच संध्याकाळी! बाई दोन महिने माझ्यासमोर बसून टायरच्या चाचण्यांचे निकाल ऐकत होती, मान डोलावत होती! विचारलं, माझ्यावर विश्वास नाही? म्हणाली, आहे ना रे, पुरता आहे, म्हणूनच तर काढली. म्हणाली, चल बरोबर, रुसू नकोस. सांगितलं, मी रस्त्यानेच येणार. म्हणाली, ये बाबा, पण पोहोच.

१५ डिसेंबर
गेली. विमानतळावर सोडायला एगर्ट. आपलीच माणसं, कुणाला सांगायचं! जाताना माझे मोजेसुद्धा घेऊन गेली, म्हणे तिकडे तरी उपयोगी पडतील.

२० डिसेंबर
टायर बसले! अप्रतिम. टामेनसुद्धा म्हणाला, यापेक्षा योग्य टायर नाहीत. सामान भरायला सोपं म्हणून गाडी मागच्या हिरवळीवर घेतली. उद्या पहाटे निघतो. मला दारात बघून ओर्ट्रूनच्या डोळ्यांत पाणी येईल.

२१ डिसेंबर, सकाळी
रात्रभर पाऊस. बर्फाचा कणही नाही. गाडी सुरू केली, पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि चिखलात रुतली. जास्त वेग दिला, जास्त रुतली. साखळ्या घातल्या. साखळ्यांनी चांगलाच खड्डा खणला.

एगर्ट छत्री घेऊन कुंपणाशी. म्हणाला, अरे फोल्कमार, नॉर्वेला जमिनीखालून निघालास का? त्याचा ट्रॅक्टरवाला मेहुणा गावाला गेलाय म्हणे, सणानंतर येईल.

दुपारी
फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. इम्के रडत-हसत होती. मागून ओर्ट्रूनचा आवाज येत होता, बाळाशी काहीतरी बोबडं बोलत होती. इतक्या प्रेमाने माझ्याशी कधी बोलली होती, आठवत नाही. मला रडू आलं. हुंदका तसाच दाबला.

इम्केने विचारलं, बाबा, कुठवर आलात?

म्हटलं, निघालोय.