सलोतऱ्याचा जोडा

नाना, आज सकाळी आमच्या दारासमोर एका कुत्र्याला फेफरं आलं. पाय झाडत होतं, तोंडाला फेस. कुणी दगड उचलला, कुणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी नेली. मी काठी टेकत गेले आणि सगळ्यांना दटावून रस्त्यातच बसकण मारली. हात लावू नका, आपोआप उठेल, म्हटलं. थोड्या वेळानं ते उठलं आणि झिंगल्यासारखं चालत सावलीला गेलं. लोकांना वाटलं, आजीला काही मंत्र येतो. मंत्र तुमचा, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

निजामाच्या राज्यात परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही डॉक्टर होतात. लोक सलोतरी साहेब म्हणत. जोडे ओसरीवर काढलेत तरी फिनेलचा आणि घोड्याचा वास माजघरापर्यंत यायचा. एकदा ताडकळसच्या बाजाराला बैल तपासायला गेलात आणि येताना गाडीत एक तांबडं कुत्रं बांधून आणलंत. भर बाजारात ते तडफडत पडलं होतं, आणि पिसाळलंय म्हणून लोक लाठ्या घेऊन धावले होते. तुम्ही आडवे गेलात. गाडीवानानं चहा पितापिता सगळं आईला ऐकवलं. "सायब म्हनले, मिरगी हाय त्याला. माज्या लेकीला बी येती. तिला बी हानता का?" आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. माझं फेफरं तिनं शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं. त्यापायीच तर माझी शाळा सोडवली होती. "साऱ्या बाजाराला सांगून आलाव तुमी," ती रडू लागली, "आता कोन करून घेईल हिला?" तुम्ही कुत्र्यापुढे पाणी ठेवलंत. दाराआड मी मनातून इतकी खूश होते! चारचौघांत माझी बाजू घेणारं कुणीतरी निघालं होतं.

कुत्रं तुम्ही आधी परसात लांब बांधून ठेवलंत. पिसाळलेलं असतं तर थोड्याच दिवसांत मेलं असतं. ते भाकरी खाऊन चांगलं गुबगुबीत झालं, फेफरं मात्र येतच राहिलं. आईचा रागही फार टिकला नाही. कुत्रं पडलं की तीच धावायची, तुमचा जोडा घेऊन, हुंगवायला. माझ्या नाकाशीही ती तोच जोडा धरायची. तुम्ही हे पाहिलंत आणि तुमच्या डोक्यात किडा वळवळला. एका वेळी जोडा लावायचा, पुढच्या वेळी नाही. बघू काय होतं ते. अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही कुत्र्याशेजारी मांडी घालून बसलायत, हातात खिशातलं घड्याळ. आई जोडा धरून अशी उभी, जणू ओवाळायलाच निघालीय. कुत्रं जोडा लावून उठतं, न लावताही तेवढ्याच वेळात उठतं. कितीदा केलं तरी तेच. "बघितलंस?" तुम्ही विचारता. "ते कुत्रं हाय," आई म्हणते, "मान्साचं येगळं असतंय."

मग एक दिवस मलाच फेफरं आलं. शुद्धीवर आले तेव्हा डोक्याखाली गोधडी होती, पाट, तांबे सगळं लांब सरकवलेलं होतं, आणि तुम्ही आईचं मनगट घट्ट धरून बसला होतात. तिच्या हातात जोडा तसाच. "उठली का न्हाई?" तुम्ही म्हणालात. आईनं जोडा खाली ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि हसायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत जाऊन बाईंना सांगून आलात, पोरगी पडली तर जागा मोकळी करा, तोंडात काही घालू नका, वाट बघा. माझी शाळा पुन्हा सुरू झाली. पुढे दवाखान्यातल्या ज्या औषधानं कुत्र्याचं फेफरं कमी झालं तेच तुम्ही माणसांच्या डॉक्टरला विचारून मलाही सुरू केलंत, तेव्हा मात्र आईनं घर डोक्यावर घेतलं. "कुत्र्याचं औशद माज्या लेकराला?" पण गुण आला. फेफरं कमी होत गेलं. करून घेणाराही भेटला, आणि त्यालाही तुम्ही सगळं आधीच सांगून टाकलंत. सुखात गेलं माझं आयुष्य, नाना.

एक तेवढं राहिलं. फेफऱ्यातून वर येताना आपण कोण, कुठे, काही कळत नसे. कुत्र्याला काय वाटायचं कोण जाणे. मला सगळ्यात आधी तुमच्या जोड्याचा वास यायचा, फिनेलचा, घोड्याचा, आणि कळायचं की मी घरी आहे, नाना आलेत. जोडा बंद झाल्यावरही मी तेवढ्याच वेळात उठायचे. फक्त तुम्ही जरा उशिरा सापडायचात. हे पत्र पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही लगेच घड्याळ काढून सगळा प्रयोग पहिल्यापासून मांडला असता. प्रयोग तुमचा खराच होता. मला आपला तो जोडा हवा होता.