पुठ्ठ्यावरची बटणं

उज्ज्वला,

पुठ्ठा शोधू नकोस, तो मी नेला आहे. पहिल्या एसटीने मलकापूरला जातो. तू ठरल्या गाडीने ये.

तुझ्या सरावासाठी मी पुठ्ठ्यावर कॉम्प्युटरची बटणं काढली, ती ए, बी, सी अशी ओळीने. तशीच असणार, असं धरून चाललो. काल वाचनालयात एका मासिकात खरा फोटो पाहिला. अक्षरं कुठल्या कुठे आहेत. संध्याकाळी सांगणारच होतो, पण तू म्हणालीस, "आबा, आता डोये मिटले तरी बोटं बरोबर जातात," आणि मला धीर झाला नाही.

खर्चे सर तिथल्या शाळेत दर रविवारी कॉम्प्युटर फुकट शिकवतात, पण मशीन एकच. ज्याचा हात बसलेला नाही, त्याला ते परत पाठवतात. तू पोचण्याआधी त्यांना सांगायला हवं की चूक माझ्या नातीची नाही, माझी आहे. तू वहीत लिहिलेला प्रोग्राम मी कॉम्प्युटरच्या पुस्तकाशी ताडून पाहिला, तो बरोबर आहे.

तुझ्या बाबांना मात्र कळू देऊ नकोस. "पुठ्ठा बडवून कॉम्प्युटर येते काय?" असं ते म्हणालेच होते.

अनोळखी माणसापुढे मला शब्द फुटत नाही, तुला ठाऊक आहे. नाहीच फुटला, तर पुठ्ठा सरांपुढे ठेवीन.

आबा