'पी'वर उभी केलेली गाडी

चि. नाथाजी,

गाडीची किल्ली घेऊन मी उंब्रजला निघालो आहे. अंजनाला तपासायला मिरजेच्या दवाखान्यात टांग्याने ने.

त्या बिनक्लचच्या अमेरिकन गाडीचा गिअरचा दांडा तू स्टिअरिंगजवळून काढून खाली बसवलास. बसवण्याच्या सामानासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी मी तुला वहीत उतरवून दिलं होतं. दांडा 'पी'वर, म्हणजे 'पार्क'वर, नेला की चाकं जखडली पाहिजेत, त्यासाठी दांड्याला गिअरपेटीशी जोडणारी खालची सळई जुळवून पाहावी, असं त्यात स्पष्ट आहे. तू म्हणालास, "आबा, पुस्तक वाचून गाडी चालत न्हाई."

आज सकाळी ती चालली. दांडा 'पी'वर, इंजीन बंद, आणि गाडी उतारावरून थेट धुण्याच्या दगडावर. अंजना नुकतीच पिळे घेऊन उठली होती. सातवा महिना आहे तिला. आणि तू बायकोच्या आधी बंपर पाहिलास!

मी मेकॅनिक नाही, माझं चुकतही असेल. पण सळईचं मी काल जेवताना दोनदा म्हणालो होतो. इतकं हळू, की तुला ऐकू आलं नसेल. त्याचा मला माझाच संताप येतो. म्हणून आज बोललो नाही, किल्ली घेतली.

चाकांना मी लावलेले दगड काढू नकोस. वही तुझ्या उशाशी ठेवली आहे.

— आबा