पोचम्माची कोंबडी

१९ मे

ऊन आहे की जाळ आहे! दुपारी परसातल्या हौदातलं पाणी हाताला चटके देतं. शिरीषाला नववा लागला. तिला कूलरसमोरून हलू देत नाही. "अत्तम्मा, मी काय लोणचं आहे का, बरणीत घालून ठेवायला?" म्हणते. म्हणू दे. दोन वेळा सातव्या महिन्यात हातचं गेलं. संपत तिकडे मस्कतला, घरात आम्ही सासू-सून दोघीच. या वेळी काही झालं तर पोराला मी फोनवर काय सांगू?

२३ मे

आज शेजारची लच्चव्वा परातभर भात घेऊन आली. तुपाचा! नातवाच्या वाढदिवसाचा उरलेला. कोंबडीपुढे पालथा केला. म्हटलं, "अगं, सकाळीच तिनं शेंगदाणे खाल्लेत." तर म्हणे, "देवीच्या कोंबडीला पुरे म्हणणारी तू कोण गं शंकरव्वा?"

खरंच, कोण म्हणणार? शिरीषाला दिवस गेले तेव्हा कार्तिकात मी ही काळी तलंग पोचम्मापुढे धरली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटू दे आई, एकविसाव्या दिवशी हीच तुला देईन. पायात हळदीचा दोरा बांधला. त्या दिवसापासून ती गल्लीची झाली. नवसाला बोललेली कोंबडी विकायची नाही, बदलायची नाही, हुसकायची नाही. दारात आली की मूठभर टाकायचंच. कुणी कणी, कुणी सुकं खोबरं, कुणी गूळ. आता चालते कशी—बदकासारखी!

शिरीषा तेवढी तिच्या वाटेला जात नाही. "तुमची देवी, तुमची कोंबडी." डिग्री घेतलेली ना!

२६ मे

रोहिणी लागली. रोहिणीत उखळं तडकतात म्हणतात, मला तर माझं डोकंच तडकेल असं वाटतंय. कोंबडी चोच वासून धापा टाकते. टोपलीवर ओलं पोतं घातलं, गुळाचं पाणी पाजलं. पोचम्मा, थोडे दिवस काढ गं बाई.

२९ मे

संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारा सुटला. हुश्श! गल्लीतले सगळे बाजा टाकून बाहेर बसले. कोंबडीनं लच्चव्वाच्या ताटातली अर्धी भाकरी पळवली. सगळे हसले. ऊन तिनं काढलं, मी निर्धास्त झाले.

३० मे

मेली.

सकाळी टोपली उचलली, तर कुशीवर पडलेली. अंगावर जखम नाही, एक पीस विस्कटलेलं नाही. तुरा मात्र पांढराफटक. मी हलवली, पाणी शिंपडलं, हाका मारल्या—कोंबडीला हाका! एवढं ऊन काढलं आणि गारव्यात मेली? अशी कशी मेली? देवीनं हातातून काढून घेतली? नको म्हणाली?

इतक्यात आतून शिरीषा, "अत्तम्मा, चहा गार होतोय!" कोंबडी पोत्यात घातली, पोतं सरपणामागे. "आले गं!" म्हटलं आणि हात धुऊन चहाला बसले.

तिला सांगायचं नाही. कुणालाच नाही. लच्चव्वाला कळलं की गल्लीला कळलं, आणि मग सगळ्या माझ्या सुनेच्या पोटाकडे बघतील. मागच्या दोन्ही वेळी कशा बघायच्या ते विसरले नाही मी.

दुपारी

राहवेना. पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरणी आहे, फटकळ. पोट फाडून दाखवलं. आत पिवळी चरबीच चरबी, आणि कलेजं फुटून रक्त साकळलेलं. "काय खायला घालत होता?" मी सांगितलं. सगळं नाही, निम्मंच. "मावशी, ही नुसत्या उन्हानं नाही मेली, लाडानं मेली. चरबीनं कलेजं कमजोर झालं होतं, त्यात उन्हाचा ताण."

म्हणजे आम्हीच मारली! आईच्या नावानं मूठ-मूठ भरवून मारली! तरी मन म्हणतं, कलेजं फुटलं ते देवीनं फोडलं म्हणून फुटलं. डॉक्टरणीला देवीतलं काय कळतं.

शेताच्या बांधावर पुरून आले. खूप रडले. कोंबडीसाठी नाही.

२ जून

बाजारातून दुसरी आणली. अख्खा बाजार पालथा घातला तेव्हा तशीच काळी मिळाली. दोरा हळदीत भिजवून पायात बांधला. गाठच बसेना. देवीला फसवतेय मी! या वयात!

लच्चव्वा म्हणाली, "अगं बाई, हिनं उपास धरलेत की काय? केवढी रोडावली!" मी म्हटलं, "ऊन बाधलं." तिनं लगेच शेंगदाणे काढले. मी ओरडलेच, "नको!" तिनं शेंगदाणे परत ओच्यात टाकले.

शिरीषा दारात उभी होती. कोंबडीकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे. आत गेली.

५ जून

सकाळपासून बाळ हललं नाही म्हणते. डाव्या कुशीवर निजवलं, साखरपाणी दिलं, पोटावर कान लावून बसले. काही नाही. काही नाही! परसात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. पोचम्मा, खोटं मी केलंय, तिनं नाही. मला ने. आत्ता ने, मी तयार आहे.

रिक्षा बोलवायला निघाले तर आतून हाक—"अत्तम्मा! लाथ मारली!" तिथेच उंबऱ्यावर बसले.

६ जून

देवळापर्यंत गेले आणि परत आले. ओदेलू पुजारी म्हणाला, "आत ये की शंकरव्वा, आई काय खाते का तुला?" बाहेरूनच हात जोडले. तोंड दाखवायला जागा नाही.

८ जून

कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आणलं, तिला आत नेलं. जाताना माझा हात सोडेना. काहीतरी सांगायचं होतं तिला, "अत्तम्मा, ती कोंबडी..." म्हणाली, एवढ्यात नर्सनं दार लावलं. तिला कळलंय! माझं पाप बरोबर घेऊन पोर आत गेली. देवा, मी काय करून बसले!

९ जून

मुलगी. सिझर करावं लागलं, पण दोघी सुखरूप.

शुद्धीवर आल्यावर शिरीषानं बाळ पाहिलं, आणि माझा हात धरून रडायलाच लागली. "अत्तम्मा, एकविसाव्या दिवशी ती कोंबडी देवीला देऊ नका. देवीची नाही ती. देवीची संक्रांतीतच मुंगसानं नेली. तुम्ही यांच्या मामांकडे गेला होतात. मी भावाकडून तशीच मागवली, दोरा बांधला. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. रोज वाटायचं, आज काहीतरी होणार. तिच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटायची."

मी तिचे डोळे पुसले. मग मीही सगळं सांगितलं. पोतं, डॉक्टरीण, बाजार.

ती टाके धरून हसली. "म्हणजे ही तिसरी?"