गरम हवेची मूठ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकतीस, व्यवसायाने विमान-दुरुस्ती अभियंता आणि सुट्टीच्या दिवशी वैमानिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. माझी झोप पुरी झाली आहे, ताप नाही, कोणी भरीस घातलेले नाही. आई म्हणाली, "असलं काही जेवणाच्या टेबलावर लिहू नकोस." म्हणून हँगरमधल्या कामाच्या टेबलावर बसले आहे.

हे भीतीने लिहिलेले नाही. उद्या रविवारी ‘म्हातारी’ सहा वर्षांनी पहिल्यांदा उडणार आहे. म्हातारी म्हणजे माझे दोन आसनांचे विमान. ते आईपेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहे. सांगाडा लाकडी, वर ताणून शिवलेले कापड, शेपटीखाली छोटे चाक. तिचे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधले आहे. अशा पहिल्या उड्डाणाआधी मी यादी करते: तेल, इंधन, नियंत्रणाच्या तारा, मृत्युपत्र.

१. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसऱ्यातले पाचवे कलम खोटे होते. या पत्रातही ते पाचवेच ठेवले आहे, फक्त दुरुस्त करून.

२. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत जे काही असेल ते आईला. स्वयंपाकघरातल्या खिडकीची बिजागरी "या रविवारी बसवते" असे मी चार वर्षे म्हणत आले. बिजागरी आणि स्क्रू माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात आहेत. सुताराला माप विचारू देऊ नये, ते पाकिटावर लिहिले आहे.

३. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, माझी पुस्तके, सायकल आणि हातोडा. बाकी एकही हत्यार त्याला देऊ नये. दादाने माझा टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, गाडीच्या चाकाचे गंजलेले नट सोडवायला वापरला आणि वर विचारले, "पाना तो पाना, त्यात काय एवढं?" या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, आताही देत नाही. हातोड्याचे तो काही बिघडवू शकणार नाही.

तसेच दादा म्हातारीला "पत्र्याचा डबा" म्हणतो. तिच्यात पत्रा फक्त इंजिनाच्या झाकणाला आहे. याची नोंद व्हावी.

४. निळ्या पुठ्ठ्याची वही फ्लाइंग क्लबच्या कार्यालयाला. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून, इंजिन बंद पडल्यावर तरंगत जिथवर पोचता येते तिथवरची सगळी शेते आणि माळराने मी पायी फिरले आहे. कुठे चर आहे, विजेची तार कुठून गेली आहे, कुंपण कोणत्या बाजूला आहे, हे सगळे वहीत आहे. वरून सगळी शेते सपाट दिसतात. खाली आल्यावर तसे नसते. अट एकच: दर वर्षी कोणीतरी पुन्हा चालून वही तपासावी. तारा नव्या येतात, पिके बदलतात.

५. हे कलम मामाबद्दल आणि मिस्त्रींबद्दल आहे.

म्हातारी मूळची मामाची. मला उडायला त्याने शिकवले. तिचे इंजिन तीस वर्षे मिस्त्रींनी सांभाळले. ते मामाचे मित्रही होते. दोघे एकमेकांना दिवसातून चार वेळा मूर्ख म्हणत आणि डबा एकत्र खात.

सहा वर्षांपूर्वी, धुके नुकतेच विरलेल्या एका सकाळी, मी विमान चालवत होते आणि मामा सोबत होता. नऊशे फुटांवर इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होऊ लागले. मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, थोडा पुढे केला. फेरे वाढले, पुन्हा कमी झाले. मग इंजिन थांबले. पंखा थांबतो तेव्हा वारा किती मोठ्याने वाजतो हे तोवर मला माहीत नव्हते. मी धावपट्टीकडे मागे वळू लागले. मामा म्हणाला, "मागे बघू नकोस. नाक खाली. समोर काय आहे?" समोर चाऱ्याचे शेत होते. उतरलो. शेवटी चर होता, तो मला दिसला नाही. डावे चाक त्यात गेले आणि मामाचा गुडघा समोरच्या चौकटीवर आपटला. त्यानंतर तो कधी उडाला नाही.

शेताची मालकीण हातात बादली घेऊन आली. तिने विमानाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"फाटक त्या बाजूला आहे," ती म्हणाली.

मामा वेदनेतही हसला. ती त्याला म्हणाली, "हसू नका, पाय हलेल. आणि हे पुन्हा माझ्या शेतात उतरलं तर ठेवून घेईन, आत्ताच सांगते."

चौकशी समितीला इंजिनात काहीच सापडले नाही. इंधन स्वच्छ, ठिणगी ठीक. त्यांनी मला विचारले, "कार्ब्युरेटरला गरम हवा दिली होती का?" मी म्हणाले, "हो." मला आठवत नव्हते. "आठवत नाही" एवढे दोन शब्द पुरले असते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: हवा कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंधनात हवा मिसळणाऱ्या भागाच्या, अरुंद गळ्यातून जाताना इतकी थंड होते की ओलसर दिवशी, बाहेर स्वेटरही लागत नाही अशा हवेत, आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी समोर एक मूठ असते. ती ओढली की गरम हवा आत येते. ओढली नाही तर इंजिन थांबते, आणि माणसे तपासायला पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो. मागे पुरावा राहत नाही. राहतो तो शेवटचा हात लावणारा माणूस. दोनच दिवस आधी कार्ब्युरेटर साफ करून मिस्त्रींनी लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ते उड्डाणास योग्य असल्याची सही केली होती.

समितीने त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला. ते गावात पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. मामाने त्यांच्याशी बोलणे सोडले.

दोन वर्षांपूर्वी, तशाच हवेत, क्लबच्या विमानात तेच फेरे तसेच कमी होताना मी पाहिले. मूठ ओढली. इंजिन सुरळीत झाले. त्या सकाळी मी ती ओढली नव्हती हे त्या क्षणी मला कळले, आणि तरीही वर्षभर मी कोणाला सांगितले नाही. मामा गेल्या वर्षी आजारपणात गेला. रुग्णालयात त्याने मला विचारले, "मिस्त्रीने असं कसं केलं गं?" मी त्याची उशी सरळ केली.

तो गेल्यावर मी समितीला खरे काय ते पत्राने कळवले. त्याची प्रत सोबत जोडली आहे. माझा परवाना सहा महिने बंद होता, तो आता पुन्हा चालू आहे. मिस्त्रींचा अधिकार मागच्या महिन्यात त्यांना परत मिळाला.

पत्राची प्रत घेऊन मी त्यांच्या पंपाच्या दुकानात गेले होते. त्यांनी ती दोनदा वाचली.

"बर्फच असणार, हे पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं," ते म्हणाले.

"मग काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू हो म्हणालीस ना. ही पोरगी खोटं बोलायची नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल. इतकी वर्षं तो कार्ब्युरेटर मनातल्या मनात उघडतोय आणि बंद करतोय. एक वॉशर शिल्लक राहतो कधी कधी."

 त्यांनी चष्मा काढून पुसला.

"इंजिन कुठे ठेवलंयस?"

"हँगरमध्ये. ताडपत्रीखाली."

"ताडपत्रीखाली? गंज चढवायचाय का? चल."

६. म्हातारी पुढे जो उडवेल त्याच्यासाठी, आसनाच्या मागे चिकटवण्याकरता:

इंजिन थांबले तर आधी नाक खाली. वेग असेल तर विचार करायला वेळ मिळतो. मागे वळू नये. शेत निवडावे आणि मग ते बदलू नये. उतरण्याआधी इंधन बंद, ठिणगी बंद, दाराची कडी काढलेली.

इंजिन अजून थांबले नसेल, नुसते फेरे कमी होत असतील, तर आधी मूठ ओढावी. पूर्ण. ओढल्यावर इंजिन आणखी बिघडेल, खोकेल, थरथरेल, कारण बर्फ वितळून झालेले पाणी आत जात असते. नव्या माणसाचा हात इथेच घाबरतो आणि मूठ परत ढकलतो. ढकलू नये. मोजत राहावे. समितीला पत्र पाठवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मी पुष्कळ मोजले.

७. म्हातारी, तिचे सुटे भाग आणि माझी सगळी हत्यारे (हातोडा सोडून) ~~मिस्त्रींना~~.

८. वरच्या कलमात मिस्त्रींचा उल्लेख खोडला आहे तो मीच, आज सकाळी, पुढील कारणाने.

मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "विमान घेऊन मी काय करू? अंगणात बांधू? माझे गुडघे तिच्यात शिरत नाहीत. साक्षीदार कोण आहेत?"

वकीलबाई समोरच होत्या. त्यांनी सांगितले की साक्षीदार अशी माणसे असावीत ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

"मग मला काही देऊ नकोस," मिस्त्री म्हणाले.

"काका, सही कोणीही करील."

"कोणीही कशाला? सहा वर्षांत माझी सही कोणी मागितली नाही. पंपाला सही लागत नाही."

लॉगबुक टेबलावर उघडे होते. इंजिन तपासून झाले होते. सहीची जागा तीन दिवस रिकामी होती आणि तीन दिवस ते काही ना काही पुन्हा तपासत होते. मी घाई केली नव्हती.

"आधी इथे करतो," मृत्युपत्रावर बोट ठेवून ते म्हणाले. "हात बसू दे. मग तिथे."

म्हणून म्हातारी, सुटे भाग आणि हत्यारे शेताच्या मालकीणबाईंना. त्या दिवशी विमान फाटकाबाहेर काढायला त्यांनी मदत केली, तेव्हापासून त्या हँगरमध्ये येऊ लागल्या. पंखांच्या कापडाचा डावा भाग त्यांनी शिवला आहे आणि माझ्या उजव्या भागापेक्षा टाके सरळ आहेत. क्लबच्या विमानात त्यांची शिकाऊ उड्डाणे अकरा तास झाली. शेताच्या टोकाचा चर त्यांनी स्वतः बुजवला. ठेवून घेईन म्हणाल्या होत्या, तर ठेवून घ्यावे. अर्थात मी आधी मेले तरच. माझा तसा बेत नाही. उद्या उतरल्यावर खिडकीची बिजागरी बसवायची आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. कलम सातमध्ये एक शब्द खोडला आहे, बाकी कुठे नाही. या पत्रावर मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत.

ठिकाण: हँगर क्रमांक दोन.
दिनांक: शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाई. सही.

साक्षीदार पहिले: मिस्त्री. सही. सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "तपासले. उड्डाणास योग्य."

टीप: वकीलबाईंच्या मते हे शेवटचे तीन शब्द मृत्युपत्रात अनावश्यक असून खोडायला हवेत. मिस्त्री म्हणाले, सवयीने लिहिले गेले. मी ते खोडू दिलेले नाहीत. लॉगबुकात तेच शब्द अकरा वाजून वीस मिनिटांनी लिहिले गेले.