क्रिसीच्या नावाच्या बरण्या

पोर्टअर्डी,
रविवार, १९ जानेवारी १९६९

चि. मॅरियन,

तुला आणि डग्लसला खूप आशीर्वाद. नाताळचं पत्र आणि फोटो पोचले. हॅलिफॅक्सला एवढं बर्फ पडत असेल असं वाटलं नव्हतं. दारासमोरचं सगळं डग्लसनं एकट्यानं उपसलं म्हणतेस, म्हणजे जावई कामाचा निघाला. इथे बर्फ नाही, नुसता वारा. बंदरात दोन होड्या एकमेकींवर आपटून खरवडल्या. स्टेशनच्या छपराचे पत्रे उडाले. लाइन बंद झाल्यापासून तिकडे लक्ष द्यायला कोणी नाही. मी सकाळी चक्कर मारतो, पण सिग्नलमनला आता तिथे काय काम?

माझी तब्येत ठीक. आईही ठीक आहे. ती सध्या एल्गिनला असते. मॅगीमावशीचा गुडघा पुन्हा धरलाय, म्हणून गेली आहे.

आता कामाचं. गुरुवारी सकाळी दार वाजलं. बघतो तर इम्लाक वाणी स्वतः खोकं घेऊन उभा.

"फार्कर, मिसेसची संत्री आली. थेट स्पेनहून. यंदा माल असा आहे की नुसत्या वासानं तोंड कडू व्हावं."

आईनं ती ऑक्टोबरातच सांगून ठेवली होती. परत घेऊन जा, असं मी म्हणणार होतो. पण इम्लाकला तू ओळखतेस. 'का' विचारल्याशिवाय त्याच्यानं राहवत नाही, आणि त्याला उत्तर मिळालं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला मिळतं. मी खोकं घेतलं आणि आत ठेवलं.

आता ते स्वयंपाकघरात जमिनीवर आहे आणि घरभर वास सुटलाय. ही मार्मालेडची कडू जात, कच्ची खायची सोय नाही. एक फोड तोंडात घातली होती, अजून जिभेची साल गेल्यासारखी वाटते. आणि फेब्रुवारीत मार्मालेडच्या बरण्या गेल्या नाहीत तर लोक विचारणार. एक बरणी शेजारच्या बेला स्लेटरकडे जाते, एक पाद्रीबाबांकडे जाते, डॉक्टरांकडे, शाळेतल्या बाईंकडे, झालंच तर इम्लाककडे, म्हणजे त्याचीच संत्री त्यालाच परत. आई इतकी वर्षं देत आलीय. यंदा नाही म्हणजे काय झालं, असं होणारच.

म्हणून ठरवलंय की यंदाचं मार्मालेड मीच करतो. आईला विचारलं असतं, पण तिच्या मागे उगाच कटकट नको. तू तिच्या हाताखाली केलेलं आहेस. साल किती बारीक चिरायची, पाणी किती, साखर कधी, सगळं सविस्तर लिही. बिया त्या मलमलच्या फडक्यात का बांधतात? मी जन्मभर त्याच स्वयंपाकघरात जेवलो, पण शेगडीकडे माझी पाठ असायची. तुझं उत्तर येईपर्यंत फळं थांबायची नाहीत, तेव्हा मी अंदाजानं सुरुवात करतो.

आईला मावशीच्या पत्त्यावर पत्र टाकू नकोस. इथेच पाठव, मी पोचतं करीन.

तुझा,
बाबा

*

पोर्टअर्डी,
रविवार, ९ फेब्रुवारी १९६९

चि. मॅरियन,

आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. 'साल बोटानं चिरडेल इतकी मऊ झाल्याशिवाय साखर घालू नका' हे वाक्य तू जाड अधोरेखित केलं आहेस. ते सोमवारी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी मी निम्मं खोकं संपवलं. संत्री चिरली, रस, पाणी, साखर सगळं एकदमच पितळी पातेल्यात घातलं आणि शेगडी पेटवली. म्हटलं, शिजायचंच आहे तर सगळं बरोबरच शिजू दे. बराच वेळ काही झालं नाही. मी दाराबाहेर पाइप ओढायला गेलो. आत आलो तर फेस शेगडीवर, शेगडीवरून जमिनीवर, आणि धूर असा की समोरची खिडकी दिसेना. तेवढ्यात बेला आलीच. शेजारीण सत्तरीची असली तरी नाक शाबूत आहे.

"काय जाळतोयस रे?"

"काही नाही. मार्मालेड."

"तू?"

"क्रिसीनं सांगितलंय तसं करतोय. ती बहिणीकडे आहे ना."

बेलानं माझ्याकडे बघितलं. "हो. गुडघा," म्हणाली. मग चमच्यानं एक साल उचलून तोंडात टाकली आणि चावत उभी राहिली. बराच वेळ चावली.

"अ‍ॅलिक, हे बुटाच्या तळाला लाव. पावसात टिकेल."

ते सगळं बागेत पुरलं. दोन दिवस जमीन घासत होतो. पातेल्याचं बूड अजून काळं आहे, आईला सांगू नकोस.

उरलेल्या संत्र्यांचं मात्र तुझ्या पत्राप्रमाणे केलं. पत्र मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि एकेक ओळ वाचत गेलो. साल चिरायला सगळी दुपार गेली. बिया आणि आतला पांढरा गर फडक्यात बांधून पाण्यात सोडला. सकाळी पाणी बुळबुळीत झालं होतं, मला वाटलं नासलं. मग तुझी पुढची ओळ वाचली, की त्यानंच मार्मालेड घट्ट होतं. मग शिजवलं, साल चिरडून बघितली, मग साखर. शेवटी गार बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलला. पहिल्यांदा वाहिला. दुसऱ्यांदाही वाहिला. तिसऱ्यांदा त्याच्यावर सुरकुती पडली, म्हणजे तयार. मॅरियन, मी त्या बशीकडे किती वेळ बघत बसलो, तुला सांगितलं तर हसशील.

बरण्या तापवल्या, गरम असतानाच भरल्या, वर मेणकागदाच्या चकत्या बसवल्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली. 'मार्मालेड १९६९, क्रिसी फार्कर' असं लिहिलं. काल टाय बांधून सगळीकडे देऊन आलो. पाद्रीबाबा म्हणाले, "क्रिसीला आमचे आभार कळवा." डॉक्टर तेच म्हणाले. शाळेतल्या बाईंनी बरणी खिडकीशी धरून रंग बघितला आणि म्हणाल्या, "यंदा अगदी मधासारखं झालंय, सांगा त्यांना." कोणी काही विचारलं नाही. मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

घरी येऊन टाय सोडताना लक्षात आलं, की इम्लाकनंसुद्धा काही विचारलं नाही.

तू पाकिटात आईसाठी घातलेली चिठ्ठी मी उघडलेली नाही. ती पोचेल. ती तुला का लिहीत नाही असं विचारतेस, तर कामात आहे. दुसरं काही मनात आणू नकोस.

तुझा,
बाबा

*

पोर्टअर्डी,
रविवार, २ मार्च १९६९

चि. मॅरियन,

आशीर्वाद. हे पत्र निवांत बसून वाच. डग्लसला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण आधी तू वाच.

मॅगीमावशीचा गुडघा उत्तम आहे. आई तिच्याकडे गेलेलीच नाही. ती एल्गिनमध्ये एका कापडाच्या दुकानावर खोली घेऊन राहते आणि त्या दुकानासाठी पडदे आणि कपडे शिवते. नवं वर्ष लागलं त्याच आठवड्यात गेली. सकाळी लापशी वाढताना म्हणाली, "अ‍ॅलिक, मी खोली बघितली आहे. गुरुवारी जाते." मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हटलं, "गुरुवारची बस उशिरा असते." खरंच एवढंच म्हणालो. गुरुवारी मी नेहमीसारखा स्टेशनकडे चक्कर मारायला गेलो, परत आलो तर शिलाई मशीनची जागा रिकामी होती.

जाण्याआधी एक गोष्ट तिनं बजावली होती. "मॅरियनला तू सांग. मी सांगितलं तर तुला वाटेल, मी पोरीला माझ्याकडे ओढलं." म्हणून ती गप्प राहिली. मी सांगेपर्यंत तुला लिहायचं नाही, हे तिनं पाळलं. मी मात्र गुडघ्याच्या आड बसून राहिलो.

हे तुला आज लिहायची हिंमत कशी आली ते सांगतो. गेल्या सोमवारी बेला रिकामी बरणी परत द्यायला आली. धुऊन, पुसून, आत थोडी बिस्किटं घालून. बसली आणि सरळ म्हणाली, "एक बरणी तिला नेऊन दे की."

"कुणाला?"

"अ‍ॅलिक, पुरे आता. मशीन बसमध्ये चढवताना दुसरं टोक मी धरलं होतं."

मी बिस्किटं बशीत काढली. मग विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"ड्रायव्हर इम्लाकचा मेव्हणा आहे."

म्हणजे सगळ्या गावाला. पाद्रीबाबांना, डॉक्टरांना, शाळेतल्या बाईंना, मी दारात बरणी घेऊन उभा होतो तेव्हा प्रत्येकाला माहीत होतं. मला राग आला. मी म्हटलं, "मग बोललं का नाही कोणी? माझं हसं करत बसलात?"

"हसं कुणी केलं? तू टाय बांधून, केस ओले करून, तिच्या नावाच्या बरण्या घेऊन दारोदार आलास. काय बोलणार माणूस?" मग म्हणाली, "हसलो ते बरणीवरच्या चिठ्ठीला. 'चढवलं दोन दहा, उतरवलं तीन पाच' असं खाली कोण लिहितं? क्रिसीनं जन्मात घड्याळ बघून मार्मालेड केलं नाही."

ते मी सवयीनं लिहिलं होतं. सिग्नलच्या वहीत प्रत्येक गाडीचं तसंच लिहायचो.

मग बुधवारी बरणी घेऊन एल्गिनला गेलो. दुकानाच्या बाजूनं अरुंद जिना आहे. वरून मशीनचा आवाज येत होता आणि आई कुणाशी तरी बोलत हसत होती. मी जिन्यातच थांबलो. ते हसणं मला ओळखीचं वाटेना, म्हणून आधी वाटलं चुकीच्या घरी आलो. खालच्या मालकीणबाई होत्या तिच्याबरोबर. मला बघून त्या उठल्या, आणि जाताना माझी टोपी खुंटीला अडकवून गेल्या, जणू मी रोजचाच आहे.

आई बरी आहे. जरा जाड झाली आहे, चांगली दिसते. खोलीत खिडकी मोठी आहे, खाली बाजाराचा चौक. तुझे फोटो आरशाच्या चौकटीत खोचलेत. मी पोस्टानं पाठवलेली तुझी चिठ्ठीही तिथेच आहे.

मी बरणी टेबलावर ठेवली. तिनं बरणीवरची चिठ्ठी वाचली, खालच्या वेळा वाचल्या, ओठ चावला. मग चमचा घेऊन बरणीतूनच खाल्लं.

"साल जाड चिरलीस."

"हो."

"पण कडवटपणा बरोबर आलाय. कुणी शिकवलं?"

"मॅरियननं. पहिलं जळलं."

"पातेलं?"

"जळलं."

"वाटलंच," म्हणाली, आणि आणखी एक चमचा घेतला.

मी विचारलं, माझं काय चुकलं? मॅरियन, मला वाटलं होतं ती खूप काही सांगेल. मी दारू पीत नाही, हात उगारला नाही, पगार नीट आणून दिला, हे मी बसमध्ये मनात सगळं घोकून गेलो होतो. तिनं ते मला म्हणूच दिलं नाही.

"तू चांगला आहेस, अ‍ॅलिक. पण इतकी वर्षं तू सकाळी सिग्नलच्या केबिनमध्ये जायचास आणि घर माझं असायचं. मग लाइन बंद झाली आणि तू केबिन घरी घेऊन आलास. चहा किती वाजता, दार कुणी वाजवलं, बटाटे आत्ताच का चढवले, बेलाकडे किती वेळ लागेल. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तुझा सिग्नल पडायची वाट बघायला लागले होते."

मी म्हटलं, "मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, बटाट्यांना तेवढाच वेळ लागतो."

मला आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असेन. म्हणणारा मीच आहे.

मग मी विचारलं, "परत येशील?" ती मशीनवरच्या कापडाची सुरकुती हातानं सारखी करत होती. चिडून नाही, रडून नाही, दुकानात गिऱ्हाईकाला सांगावं तशी म्हणाली, "नाही." आणि मग, "पण रविवारी जेवायला येत जा. भूक लागली की ये. किती वाजता ते विचारू नकोस."

बसमध्ये परत येताना ते एकच वाक्य घोळवत होतो. आजचा रविवार पहिला. सकाळपासून तीन वेळा घड्याळाकडे हात गेला आणि तीन वेळा मागे घेतला. हे पत्र टाकून मी निघेन. वेळेआधी पोचलो तर चौकात बाकं आहेत.

पत्ता खाली दिला आहे. आता तिला सरळ लिही. परत जा म्हणून तिला समजावू नकोस, मलाही तिची समजूत घालायला सांगू नकोस. माझं जेवणाखाण्याचं बरं चाललंय, बेला लक्ष ठेवते, आणि इम्लाकला मी स्वतः तोंडानं सांगून टाकलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुझ्यासाठी एक बरणी लाकडाच्या भुशात बांधून जहाजानं पाठवली आहे. तिच्यावर नाव माझं आहे.

काय झालं ते आई तिच्या परीनं तुला लिहील. त्यात मी कसा दिसेन कुणास ठाऊक. ती लिहील ते खरं मान.

तिच्यावर आणि तुझ्यावर जीव असलेला,
तुझा बाबा

मिसेस सी. फार्कर,
कापडाच्या दुकानावर, मार्केट चौक, एल्गिन